खांदा दुखतो, तेव्हा पाठीकडेही बघा

खापा म्हटले की हातमाग आठवतो. कन्हान नदीच्या काठावरच्या या गावात कित्येक पिढ्या माग चालले, आणि इंग्रज काळातल्या गॅझेटियरमध्येही खाप्याची नोंद विणकामाचे गाव म्हणूनच आहे. आता माग पूर्वीइतके राहिले नाहीत. कुणी गुमगावच्या मँगनीज खाणीत जातो, कुणी संत्र्याच्या तोडणीला, कुणी बांधकामावर. बाया कापूस वेचतात, दुसऱ्यांच्या घरी धुणी-भांडी करतात, घमेली उचलतात. कामे वेगवेगळी, पण चाळिशी ओलांडली की या सगळ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास येते: हात वर केला की खांद्यात चमक निघते.

वाचक बंधू-भगिनींनो, हे दुखणे जिवावर बेतत नाही, म्हणून घरात त्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. पण ज्याच्या हातावर पोट आहे, त्याचा हातच वर होत नसेल तर मजुरी बुडते. मग मलम, मग मालिश, मग इंजेक्शन, मग मोठ्या दवाखान्यात तपासणी, असा खर्च वाढत जातो. शेवटी कुणीतरी ऑपरेशन सांगतो आणि घर कर्जात जाते. म्हणून या दुखण्यात खरा उपयोग कशाचा होतो, कशाचा थोडा होतो आणि कशाचा होत नाही, हे आपल्याला माहीत असायला हवे.

हे दुखणे ओळखायचे कसे?

डॉक्टर चिठ्ठीवर याला शोल्डर इम्पिंजमेंट असे लिहितात. अलीकडे काही डॉक्टर सबअॅक्रोमियल पेन असेही म्हणतात. त्याच्या खुणा साध्या आहेत.

दुखणे खांद्याच्या बाहेरच्या बाजूला आणि दंडाच्या वरच्या भागात जाणवते. हात बाजूने वर नेताना सुरुवातीला काही होत नाही. हात खांद्याच्या उंचीजवळ आला की चमक निघते, आणि त्याच्याही वर गेला की पुष्कळदा ती कमी होते. दोरीवर ओले लुगडे टाकताना, फळीवरचा डबा काढताना, सदऱ्याच्या बाहीत हात घालताना किंवा पाठीमागे हात नेताना त्रास होतो. रात्री त्या कुशीवर झोपले की जाग येते.

दुसरे एक दुखणे याच्यासारखेच वाटते, ते म्हणजे खांदा जाम होणे, म्हणजेच फ्रोझन शोल्डर. मधुमेह असलेल्यांना ते जास्त होते. फरक घरीच पाहता येतो. दोन्ही कोपरे अंगाला चिकटवून काटकोनात वाकवा आणि दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला फिरवा. दुखरा हात चांगल्या हाताइतकाच फिरत असेल तर खांदा जाम नाही. तो फारच कमी फिरत असेल, आणि दुसऱ्या माणसाने धरून फिरवला तरी अडत असेल, तर खांदा जाम झालेला असू शकतो. त्याचा उपचार थोडा निराळा आहे, आणि अशा वेळी रक्तातली साखरही तपासून घ्यावी.

खांद्यात काय असते?

खांदा हा उखळीत बसलेल्या गोळ्यासारखा सांधा आहे. पण उखळी अगदी उथळ आहे, म्हणून तर हात चारही दिशांना फिरतो. गोळा जागेवर धरून ठेवण्याचे काम चार लहान स्नायू करतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. या चार स्नायूंच्या कंडरा गोळ्याला टोपीसारख्या वेढून असतात. त्यांच्या वर पाण्याची एक पातळ पिशवी असते, आणि तिच्याही वर खांद्याच्या टोकाचे हाड छपरासारखे पुढे आलेले असते.

चार्ल्स नीर नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९७२ साली असे मांडले की हात वर करताना ही टोपी वरच्या हाडावर घासते आणि त्यामुळे दुखते. इम्पिंजमेंट म्हणजे असे घासणे, अडकणे. हाड घासत असेल तर ते तासून टाकावे, या विचाराने जगभर हजारो ऑपरेशने झाली.

आज हा विचार बराच बदलला आहे. कंडरेवर एकदम जास्त ताण येणे, किंवा रोजच्या कामाला पुरेल इतकी ताकद तिच्यात नसणे, हे मोठे कारण मानले जाते. वय वाढते तशी कंडरा थोडी झिजते. काहींच्या कंडरेला बारीक फाटही असते, आणि तरी त्यांचा खांदा दुखत नाही. म्हणून एमआरआयच्या कागदावर फाट असा शब्द दिसला की घाबरून जाऊ नये. केसांप्रमाणे कंडराही वयाने बदलते. कागदावर काय लिहिले आहे त्याबरोबरच तुमचा हात काय करू शकतो, हेही तितकेच बघायला हवे.

पाठीचा खांद्याशी संबंध काय?

हे आपण जागच्या जागी करून पाहू. स्टुलावर किंवा खाटेच्या काठावर बसा. पाठ पूर्ण वाकवा, मान पुढे काढा, जसे मागावर किंवा भांड्यांच्या ढिगापुढे बसतो तसे. आता हात बाजूने जेवढा वर जाईल तेवढा न्या. मग पाठ सरळ करा, छाती उघडा आणि तोच हात पुन्हा वर न्या. दुसऱ्या वेळी हात जास्त वर गेला असेल. ज्यांचा खांदा दुखत नाही अशा लोकांवर हे मोजून पाहिलेले आहे. नुसते वाकून बसल्याने हाताची उचल वीस अंशांहून जास्त कमी होते.

याचे कारण असे. पाठीवर दोन्ही बाजूंना चपटी, त्रिकोणी हाडे असतात. त्यांना फरे म्हणतात. खांद्याची उखळी या फऱ्याचाच भाग आहे. हात वर जाताना फराही बरगड्यांवरून सरकतो, फिरतो आणि थोडा मागे झुकतो. बरगड्या पाठीच्या कण्याला जोडलेल्या आहेत. कण्याचा मधला, छातीमागचा भाग बारा मणक्यांचा असतो आणि प्रत्येक मणक्याला बरगड्यांची एक जोडी असते. हा भाग वाकून ताठर झाला की फऱ्याला सरकायला नीट जागा मिळत नाही. मग हात उचलण्याचा सगळा भार त्या चार लहान स्नायूंवर येतो.

आता खड्ड्याच्या मागावर बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. पाय खड्ड्यात, कंबर वाकलेली, मान खाली. एक हात धोट्याची दोरी ओढतो, दुसरा हात फणी ठोकतो. दिवसातून हजारो वेळा तीच ओढ, तोच हात. भिंतीला छपाई करणारा, छताला रंग देणारा, खाणीत यंत्र पेलणारा, ओणवे होऊन कापूस वेचणारी बाई, या सगळ्यांची पाठ आणि खांदा असेच एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट खांदा दुखतो म्हटल्यावर मान आणि पाठही तपासतो.

पाठीवर हाताने केला जाणारा उपचार

यात रुग्णाला पालथे झोपवतात. फिजिओथेरपिस्ट तळहाताने किंवा अंगठ्यांनी छातीमागच्या एकेका मणक्यावर हलका, लयीत दाब देतो. कोणता भाग ताठर आहे, कुठे दाबल्यावर दुखते, हे तो पाहत जातो. काही वेळा तो एकच छोटा, झटपट धक्का देतो आणि कट असा आवाज येतो.

या आवाजाबद्दल लोकांत मोठा गैरसमज आहे. हाड सरकले होते आणि ते जागेवर बसले, असे अनेकांना वाटते. खरे तर सांध्याच्या पाण्यात वायूचा फुगा तयार होतो, त्याचा तो आवाज असतो. बोटे मोडताना येतो तोच. आवाज आला म्हणून उपचार चांगला झाला किंवा नाही आला म्हणून फुकट गेला, असे काहीही नसते.

मग आराम कशाने वाटतो? दाब आणि हालचाल यांमुळे मज्जासंस्था दुखण्याची जाणीव काही काळ कमी करते. ताठरलेली पाठ थोडी सैल वाटते, हात जरा वर जातो. हा आराम काही तासांचा किंवा काही दिवसांचा असतो. त्या वेळात व्यायाम केला तर तो सोपा जातो. या उपचाराचा खरा उपयोग हाच आहे.

अभ्यासांत काय आढळले?

अमेरिकेत २००० साली ५२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना फक्त व्यायाम दिला. बाकीच्यांना व्यायामाबरोबर खांदा, मान आणि पाठ यांवर हाताने उपचारही दिला. तीन आठवड्यांत सहा वेळा उपचार झाले. दोन्ही गटांना बरे वाटले, पण हाताचा उपचार जोडलेल्या गटाचे दुखणे जास्त कमी झाले आणि ताकदही जास्त वाढली.

पुढे २०१५ साली आणखी एक गोष्ट तपासली गेली. एका गटाला पाठीवर खरा धक्का दिला, दुसऱ्या गटाला फक्त धक्का दिल्यासारखे केले. दोन्ही गटांना जवळजवळ सारखेच बरे वाटले, आणि धक्क्यामुळे पाठीच्या किंवा फऱ्याच्या हालचालीत लगेच काही फरक पडला असेही दिसले नाही. म्हणजे विशिष्ट मणका बसवल्याने खांदा बरा होतो, ही समजूत टिकत नाही. हाताच्या उपचाराने सुरुवातीला थोडी मदत होते, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नये.

आता ऑपरेशनची गोष्ट. इंग्लंड-युनायटेड किंगडममध्ये ३१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या अंकात छापून आला. एका गटाचे हाड खरोखर तासले. दुसऱ्या गटाच्या खांद्यात दुर्बीण घालून फक्त पाहिले, तासले काहीच नाही. तिसऱ्या गटावर कोणताच उपचार केला नाही. हाड तासलेल्यांना आणि नुसते पाहिलेल्यांना सारखेच बरे वाटले. उपचार न झालेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण तो फरक रोजच्या जगण्यात जाणवेल इतका नव्हता. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या गटाने अशा दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये अशी ठाम शिफारस केली. पडून, मार लागून कंडरा पूर्ण तुटली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ऑपरेशन लागू शकते.

आपल्यासारख्यांसाठी सर्वांत कामाचा अभ्यास २०२१ सालचा आहे, तोही युनायटेड किंगडममधला, ७०८ रुग्णांचा. काहींना फिजिओथेरपिस्टकडे सहा वेळांपर्यंत बोलावून व्यायाम वाढवत नेला. काहींना एकदाच बसवून दुखणे नीट समजावले, सोपा घरचा व्यायाम शिकवला आणि घरी पाठवले. वर्षभरात दोन्ही गटांच्या खांद्यात जवळपास सारखीच सुधारणा झाली. काहींना स्टेरॉइडचे इंजेक्शनही दिले होते. त्याचा फायदा पहिल्या काही आठवड्यांत थोडासा दिसला, पुढे राहिला नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. खाप्याहून नागपूरला सहा वेळा जायचे म्हणजे सहा दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे. ते परवडत नाही म्हणून आपला खांदा बरा होणार नाही, असे समजू नका. एकदा किंवा दोनदा जाऊन व्यायाम नीट शिकून घेतला आणि घरी नेमाने केला, तर पुष्कळ लोकांना तेवढे पुरते. उलट, रोज येऊन शेक घ्या आणि मशीन लावा, एवढेच कुणी सांगत असेल आणि व्यायाम शिकवत नसेल, तर पैसे चुकीच्या जागी जात आहेत.

घरी करायचा व्यायाम

पुढचे व्यायाम बहुतेकांना करता येतील. पण आधी शेवटचा धोक्याच्या खुणांचा भाग वाचा, आणि शक्य असेल तर एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या.

पहिले दोन व्यायाम पाठीचे आहेत. ते रोज करावेत.

१. गोधडीची किंवा टॉवेलची घट्ट गुंडाळी करा, मनगटाएवढी जाड. जमिनीवर चटई टाकून उताणे झोपा आणि गुंडाळी फऱ्यांच्या खाली आडवी ठेवा. गुडघे वाकवलेले, मानेखाली पातळ उशी. हात छातीवर ठेवून सावकाश दहा श्वास घ्या. मग जमेल तसे दोन्ही हात डोक्याच्या दिशेने न्या आणि परत आणा. असे दहा वेळा.

२. स्टुलावर बसून हात छातीवर घडी करा. कंबर न हलवता छाती उजवीकडे वळवा, थांबा, मग डावीकडे. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा.

पुढचे चार ताकदीचे आहेत. ते आठवड्यातून तीन ते चार दिवस करावेत. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा दहा, आणि पुन्हा दहा.

३. भिंतीकडे तोंड करून उभे राहा. तळहाताखाली फडके धरून ते भिंतीवर हळूहळू वर सरकवा, जाईल तिथपर्यंत. मग हळूहळू खाली आणा. भिंत सारवल्यासारखी हालचाल आहे, फक्त घाई नको.

४. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा. ती खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधा. चांगला खांदा खिडकीकडे करून उभे राहा. दुखऱ्या हाताचे कोपर काटकोनात वाकवून बरगडीला लावा, मध्ये घडी केलेला रुमाल ठेवा म्हणजे कोपर सुटणार नाही. पट्टी पोटाजवळून बाहेरच्या बाजूला ओढा आणि सावकाश परत सोडा. परत सोडताना जितके हळू तितका फायदा जास्त.

५. त्याच पट्टीची दोन्ही टोके हातात धरून खिडकीकडे तोंड करा. कोपरे मागे ओढा आणि दोन्ही फरे पाठीमागे जवळ आणा. खांदे कानाकडे उचलू नका.

६. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा. तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेका आणि दंड मारल्यासारखे कोपरे वाकवून पुढे या, मग मागे व्हा. हे सोपे वाटू लागले की भिंतीऐवजी मजबूत ओट्यावर हात टेकून करा.

दोन-तीन आठवड्यांनी हे सहज जमू लागले की अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन हात समोर-तिरपा खांद्यापर्यंत उचलायला लागा. मग बाटली एक लिटरची करा. खाप्यातल्या कोणत्याही घरात लागणारे सगळे सामान आहे, विकत आणावे असे यात काही नाही.

व्यायाम करताना थोडे दुखेल. त्याला घाबरू नका. मापासाठी मनात दहा पायऱ्या धरा, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारे. चौथ्या पायरीपर्यंत दुखणे चालेल, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवायला हवे. निवले नाही तर वेळा कमी करा किंवा पट्टी सैल करा. व्यायाम पूर्ण सोडू नका.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे धीर. कंडरा सावकाश सुधारते. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून अनेक जण सोडून देतात. सहा आठवड्यांत बहुधा फरक जाणवू लागतो, आणि बारा आठवडे नेमाने करावे लागते. घरात दोघांनी मिळून केले तर टिकते. वस्तीतल्या बाया संध्याकाळी विहारात जमतात, तेव्हा दहा-पंधरा मिनिटे सगळ्यांनी मिळून हे व्यायाम केले तर कुणालाच कंटाळा येणार नाही.

कामात काय बदलायचे?

पूर्ण विश्रांती घेऊ नका. हात गळ्यात बांधून ठेवला तर खांदा जाम होण्याची भीती असते. त्यापेक्षा कामाची पद्धत बदला.

मागावर बसणाऱ्याने बैठक अशी करावी की कोपर अंगाजवळ राहील, आणि ओढायच्या दोरीची मूठ खांद्याच्या बरीच खाली असावी. अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाठ मागे ताणावी आणि हात वर करावेत. छपाई किंवा रंगकाम करणाऱ्याने घोडी एक पायरी उंच लावावी म्हणजे हात सतत डोक्यावर राहणार नाही. कपडे वाळत घालायची दोरी हातभर खाली बांधावी. घमेले थोडे कमी भरून एक फेरी जास्त करावी. रोज लागणारे डबे वरच्या फळीवरून खाली आणावेत, आणि हे काम घरातल्या तरुण मुलांनी करावे. झोपताना चांगल्या कुशीवर वळून दुखरा हात उशीवर ठेवावा.

यावर कुणी म्हणेल की मुकादम उसंत कुठे देतो? प्रश्न खरा आहे. श्रम खाते बाबासाहेबांकडे असताना, १९४६ सालच्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. शरीराला विसावा लागतो ही गोष्ट तेव्हा कायद्याने मान्य झाली. घरच्या मागावर, शेतात आणि धुण्या-भांड्याच्या कामात मात्र हे तास कुणी मोजत नाही. तिथे पाच मिनिटांची उसंत आपल्यालाच मागून किंवा ठरवून घ्यावी लागते.

कुणाकडे जायचे, कुणाकडे नाही?

फिजिओथेरपी ही रीतसर शिकावी लागणारी विद्या आहे. आपल्या देशात तिचे पहिले शिक्षण केंद्र १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. आपल्या राज्यात फिजिओथेरपिस्टला महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नका.

आधी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये आणि जिल्हा रुग्णालये यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. पुढे गरज पडली तर नागपूरच्या मेडिकलमध्ये फिजिओथेरपी विभाग आहे. जाताना तीन प्रश्न मनात ठेवा: मला नेमके काय झाले आहे, घरी कोणता व्यायाम किती करायचा, आणि पुन्हा केव्हा दाखवायचे? व्यायाम तिथेच एकदा स्वतः करून दाखवा. बरोबर घरातले एखादे पोर असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा.

दुखणाऱ्या पाठीवर लहान मुलाला उभे करणे, कटिंगच्या दुकानात मान कडकन मोडून घेणे, हाड बसवणाऱ्याकडून हात ओढून घेणे, हे टाळा. मान झटक्याने फिरवल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडले तर लकवा होऊ शकतो. म्हातारपणी, विशेषतः पाळी गेलेल्या बायांची हाडे ठिसूळ असतात. तिथे पाठीवर जोराचा धक्का दिला तर मणका दबू शकतो.

दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी आणि महिनोन्‌महिने घेऊ नका. पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. मधुमेह असेल आणि खांद्यात इंजेक्शन घ्यायचे ठरले, तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्याने काही दिवस साखर वाढते.

या खुणा असतील तर व्यायाम थांबवा, डॉक्टरकडे जा

छातीत दाब, घाम, दम आणि त्याबरोबर डावा खांदा किंवा हात दुखत असेल, तर तो हृदयाचा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा.

पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात अचानक उचलेनासा झाला असेल, तर हाड मोडलेले किंवा कंडरा तुटलेली असू शकते.

ताप, रात्री घाम, वजन घटणे, सांध्याला सूज, किंवा पाठीच्या कण्यात सतत दुखणे असेल, तर क्षयरोग तपासायला हवा. क्षय झालेल्या मणक्यावर दाब देणे धोक्याचे आहे.

हाताला मुंग्या येत असतील, पंजातली ताकद गेली असेल, चालताना तोल जात असेल, तर त्रास मानेतल्या नसांचा असू शकतो.

आणि एक गोष्ट आपल्या विदर्भातल्या घरांनी विशेष लक्षात ठेवावी. आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात खांद्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड आतून खचू शकते, जसे ते खुब्यातही खचते. सिकलसेलचा रुग्ण, मग तो वीस-पंचवीस वर्षांचा तरुण का असेना, खांदा दुखतो म्हणत असेल तर आधी एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना सिकलसेलचे कार्ड दाखवा. त्याआधी मालिश नको, ओढाताण नको आणि वजन घेऊन व्यायामही नको. घरात कुणाची तपासणी झाली नसेल तर ती सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्या.

यातले काहीही नसेल, तर बहुतेक खांदे ऑपरेशनशिवाय बरे होतात. एक चांगला सल्ला, सायकलच्या ट्यूबची पट्टी, गोधडीची गुंडाळी आणि बारा आठवड्यांचा नेम, एवढ्याने पुष्कळांचे काम भागते. पाठीवर हाताने उपचार मिळाला तर सुरुवातीच्या दिवसांत तो जरूर घ्या, पण घरी आल्यावर त्याच संध्याकाळी भिंतीला फडके लावून व्यायाम सुरू करा.